माणसाची पारख : दोन रीती, एक जबाबदारी

मुलाखतीच्या खोलीत एक तरुण प्रवेश करतो. नमस्कार करावयाचे त्याच्या लक्षात राहत नाही. खुर्चीत बसल्यावर तो समोरच्या सदस्यांकडे न पाहता टेबलाच्या कडेकडे पाहत राहतो. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो देतो. पण थोडे थांबून, एकसुरी आवाजात. एकदा बोलू लागल्यावर नेमके कोठे थांबावे, हे त्याला उमगत नाही. तो बाहेर गेल्यावर समितीतील एक सदस्य म्हणतात, "मुलगा जरा विचित्र वाटला." दुसरे म्हणतात, "काहीतरी लपवतो आहे असे वाटते." त्याने दिलेली उत्तरे बरोबर होती की चूक, याची चर्चा होतच नाही.

हा प्रसंग कल्पित आहे. पण असे प्रसंग शाळेच्या वर्गात, पंचायतीच्या कचेरीत आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याच्या दालनात घडत असतात. ज्यांच्या शब्दावर दुसऱ्याचे शिक्षण, नोकरी किंवा न्याय अवलंबून असतो, त्यांनी आपले मत कशाच्या आधारे बनते हे जाणून घेणे अगत्याचे आहे. विशेषतः ज्यांच्या मेंदूची जडणघडण बहुसंख्यांपेक्षा वेगळी आहे, अशा व्यक्तींच्या बाबतीत ही जाणीव अधिकच आवश्यक ठरते. अशा व्यक्तींना अलीकडे 'न्यूरोडायव्हर्जंट' असे म्हटले जाते. स्वमग्नता, अवधानातील उणीव व अतिचंचलता, वाचन-लेखनातील विशिष्ट अक्षमता असे अनेक प्रकार त्यात येतात. प्रस्तुत लेखात त्यांपैकी प्रामुख्याने स्वमग्नतेचा विचार केला आहे. कारण माणसे एकमेकांची पारख कशी करतात या प्रश्नावर सर्वांत अधिक संशोधन त्याच क्षेत्रात झाले आहे.

पहिले मत कसे बनते?

माणसाविषयी मत बनविण्याच्या प्रक्रियेचा पद्धतशीर अभ्यास मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी केला आणि १९४६ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना एका अनोळखी व्यक्तीच्या गुणांची यादी वाचून दाखविली : बुद्धिमान, कुशल, उद्योगी, प्रेमळ, निश्चयी, व्यवहारी, सावध. दुसऱ्या गटाला हीच यादी वाचून दाखविताना 'प्रेमळ' या एका शब्दाच्या जागी 'थंड' असा शब्द घातला. तेवढ्या फरकाने संपूर्ण व्यक्तिचित्र पालटले. पहिल्या गटाला ती व्यक्ती उदार व मनमिळाऊ वाटली. दुसऱ्या गटाला तशी वाटली नाही. आपण गुणांची बेरीज करीत नाही, तर एखाद्या गुणाच्या प्रकाशात बाकीचे सारे गुण वाचतो, असा त्याचा अर्थ होता.

हे मत किती लवकर बनते, याचाही शोध पुढे घेण्यात आला. मूळच्या कोलकात्याच्या असलेल्या मानसशास्त्रज्ञ नलिनी अंबाडी यांनी हार्वर्ड विद्यापीठात रॉबर्ट रोझेन्थाल यांच्यासमवेत केलेला प्रयोग १९९३ साली प्रसिद्ध झाला. शिक्षक वर्गात शिकवीत असतानाच्या, अर्ध्या मिनिटाहून अधिक नसलेल्या व आवाज बंद केलेल्या चित्रफिती त्यांनी त्रयस्थांना दाखविल्या. त्या पाहून त्रयस्थांनी दिलेला अभिप्राय आणि सत्रभर त्या शिक्षकांकडे शिकलेल्या विद्यार्थ्यांचा अभिप्राय यांत बरेच साम्य आढळले. पुढे २००६ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील जनीन विलिस व अलेक्झांडर टोडोरॉव्ह यांनी दाखवून दिले की, अनोळखी चेहरा सेकंदाचा केवळ दहावा भाग दिसला तरी तो माणूस विश्वासू आहे की नाही याविषयी पाहणारा मत बनवितो. अधिक वेळ दिल्याने त्या मताबद्दलची खात्री वाढते, मत मात्र फारसे बदलत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. अनेकांचे मत एकसारखे बनते, याचा अर्थ ते मत खरे असते असा नव्हे. एका पाहणाऱ्याला जे भुलवते तेच दुसऱ्यालाही भुलवू शकते. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही आपली म्हण हेच सांगते. नजर, चेहऱ्यावरचे भाव, आवाजाचा चढउतार आणि बोलण्यातील विराम या खुणांचा अर्थ आपण लहानपणापासून न शिकवताच शिकतो. त्यामुळे तो अर्थ निसर्गदत्त आहे असे आपल्याला वाटू लागते. प्रत्यक्षात तो बराचसा संकेताचा भाग असतो. वडीलधाऱ्यांसमोर खाली पाहणाऱ्या मुलाला आपण विनयशील म्हणतो. तेच मूल मोठे होऊन मुलाखतीत खाली पाहू लागले की त्याला आत्मविश्वास नाही, असा शेरा मारतो.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित अशी जन्मजात अवस्था आहे. तो संसर्गाने होणारा रोग नव्हे आणि पालकांच्या दुर्लक्षाचा परिणामही नव्हे. १९४३ साली बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि १९४४ साली व्हिएन्ना येथील डॉ. हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी अशाच स्वरूपाच्या मुलांचे वर्णन केले. त्यानंतर या अवस्थेचा स्वतंत्रपणे अभ्यास होऊ लागला. संवाद साधण्याची व नाती समजून घेण्याची वेगळी रीत, ठरावीक क्रमाची ओढ, एखाद्या विषयात खोल रस आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांची कमीअधिक तीव्र जाणीव ही तिची प्रमुख लक्षणे होत. मात्र तिचे स्वरूप व्यक्तीगणिक बदलते. काहींना आयुष्यभर दैनंदिन मदतीची गरज भासते. काही जण उच्च शिक्षण घेऊन नोकरी-व्यवसाय करतात. म्हणून एका स्वमग्न व्यक्तीवरून दुसरीचा अंदाज बांधणे योग्य नाही.

या अवस्थेच्या नावातच एक पूर्वग्रह दडलेला आहे, हेही लक्षात घ्यावे. स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून 'ऑटिझम' हा शब्द घडविला. मराठीत त्याचा 'स्वमग्नता' झाला. शब्द रूढ आहे आणि तो वापरण्यावाचून गत्यंतर नाही; पण तो ऐकताच, या व्यक्तीला इतरांशी काही देणेघेणे नाही, अशी समजूत होते. अनेक स्वमग्न व्यक्तींना मैत्रीची, सहवासाची आणि आदराची ओढ इतरांइतकीच असते. ती व्यक्त करण्याची त्यांची रीत तेवढी निराळी असते.

शब्द वाचले तेव्हा फरक उरला नाही

स्वमग्न व्यक्तींविषयी इतरांचे पहिले मत कसे बनते, यावरील एक महत्त्वाचे संशोधन अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या डलास शाखेतील नोआ सॅसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केले. त्यांनी स्वमग्न व इतर प्रौढ व्यक्तींच्या बोलण्याच्या, अवघ्या काही सेकंदांच्या ध्वनिचित्रफिती घेतल्या. त्या अनोळखी प्रेक्षकांसमोर निरनिराळ्या स्वरूपांत ठेवल्या. काहींना चित्र व आवाज दोन्ही मिळाले, काहींना नुसता आवाज, काहींना आवाजाविना हलते चित्र, तर काहींना केवळ एक स्थिर छायाचित्र. उरलेल्यांना त्या व्यक्तीने उच्चारलेले शब्द कागदावर उतरवून वाचावयास दिले. कोणती व्यक्ती स्वमग्न आहे, हे प्रेक्षकांना सांगितलेले नव्हते.

निष्कर्ष विचार करावयास लावणारा होता. चित्र किंवा आवाज यांपैकी काहीही मिळाले की स्वमग्न व्यक्तींविषयीचे मत इतरांच्या मानाने प्रतिकूल बनले; त्यांच्याशी बोलावे, त्यांच्याजवळ बसावे ही इच्छाही कमी झाली. परंतु ज्यांनी केवळ लिहिलेले शब्द वाचले, त्यांच्या मतांत स्वमग्न व इतर असा फरक आढळला नाही. बोलण्यातील आशयात उणे नव्हते. जे उणे वाटले ते बोलण्याच्या ढबीत होते.

याच विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या अभ्यासात परस्परांना अनोळखी असलेल्या प्रौढांच्या जोड्या लावून त्यांना पाच मिनिटे प्रत्यक्ष बोलू दिले. स्वमग्न व्यक्ती इतरांना अधिक अवघडलेल्या वाटल्या. मात्र कमी बुद्धिमान, कमी विश्वासू किंवा कमी आवडण्याजोग्या वाटल्या नाहीत. दुरून घेतलेल्या ओझरत्या दर्शनापेक्षा पाच मिनिटांचा साधा संवाद अधिक न्याय देऊन गेला, असा बोध यातून घेता येईल.

दुसऱ्या बाजूने पाहिले असता

आता प्रश्न उलट बाजूने विचारू. स्वमग्न व्यक्ती इतरांची पारख कशी करतात? त्यांना माणसे कळतच नाहीत, हा समज बरोबर नाही. फरक आहे तो कोणत्या खुणांना किती वजन द्यावयाचे, यात. जर्मनीतील कोलोन येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एखाद्या व्यक्तीविषयी शब्दांतून आणि देहबोलीतून मिळणारी माहिती एकत्र मांडण्यात आली होती. स्वमग्न नसलेल्यांच्या मतावर देहबोलीचा मोठा प्रभाव दिसला. स्वमग्न व्यक्तींच्या मतावर हा प्रभाव कमी होता. शब्दांतून मिळालेल्या माहितीचा उपयोग मात्र त्यांनी इतरांप्रमाणेच केला.

यात लाभही आहे आणि हानीही. गोड हसू व रुबाबदार चालणे यांच्या मोहात न पडता माणूस काय म्हणाला याकडे लक्ष देणे, हा गुणच होय. पण ज्या समाजात "या हो कधीतरी घरी" हे शब्द अनेकदा केवळ निरोपाचे असतात, तेथे शब्दांचा अर्थ शब्दशः घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी खरोखरच दारात उभा राहतो आणि सर्वांनाच अवघडल्यासारखे होते. टोमणा, थट्टा, आडवळणाचा नकार यांचा अर्थ लावावयास त्याला वेळ लागतो. इतर जण जे आपोआप ओळखतात, ते अनेक स्वमग्न व्यक्तींना नियम पाठ करावेत तसे जाणीवपूर्वक शिकावे लागते. सतत नजर मिळविणे, योग्य वेळी हसणे, हाताच्या हालचाली आवरणे असा मुखवटा घालून दिवस काढणाऱ्यांना त्याचा मोठा शीण होतो. वर्गात दिवसभर शहाण्यासारखे वागलेले मूल घरी येताच कोसळते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

स्वमग्न व्यक्ती दुसऱ्या स्वमग्न व्यक्तीकडे कशी पाहते, याचेही उत्तर उद्बोधक आहे. डलास येथील २०१९ सालच्या एका अभ्यासात स्वमग्न निरीक्षकांनीही स्वमग्न वक्त्यांना काही गुणांत कमी लेखले. अवघडलेपण त्यांच्याही ध्यानात आले. पण त्यामुळे त्या व्यक्तीशी बोलण्याची त्यांची इच्छा इतर निरीक्षकांइतकी कमी झाली नाही. दोष दिसणे आणि दार बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी आपल्या वागणुकीने दाखविले.

अडचण एकाची नव्हे, दोघांची

बराच काळ असे मानले जात होते की, समजून घेण्यात कमी पडते ती स्वमग्न व्यक्तीच. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली या समजुतीला आव्हान दिले. त्यांच्या मते ही समजुतीची दुहेरी अडचण आहे. दोन भिन्न तऱ्हेने जग अनुभवणारी माणसे समोरासमोर येतात तेव्हा पहिल्याला दुसरा कळत नाही, तसाच दुसऱ्यालाही पहिला कळत नाही. परंतु संख्येने अधिक असलेल्यांचे न कळणे कोणाच्या नजरेत येत नाही. दोषाची नोंद दुसऱ्याच्या नावावर होते.

या विचाराची परीक्षा एडिनबरो विद्यापीठातील कॅथरीन क्रॉम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. त्यांनी कानगोष्टीच्या खेळासारखी रचना केली : पहिल्याला एक गोष्ट सांगावयाची, त्याने ती दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत गोष्ट तितकीच नीट पोहोचली जितकी इतरांच्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र तिच्यातील तपशील अधिक गळाले. पुढे २०२५ साली अधिक मोठ्या प्रमाणावर केलेल्या अशाच अभ्यासात मिश्र साखळीतील ही गळती आढळली नाही. म्हणजे मिश्र गटात संवाद तुटतोच, असे म्हणता येणार नाही. पण स्वमग्न व्यक्तींना संवादच साधता येत नाही, ही जुनी समजूत मात्र दोन्ही वेळा खोटी ठरली.

संशयाची किंमत

ज्यांच्यापुढे तक्रारी व तंटे येतात, त्यांनी ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठातील संशोधनाची दखल घ्यावी. तेथे स्वमग्न व इतर प्रौढांच्या मुलाखतींच्या चित्रफिती नागरिकांना दाखविण्यात आल्या. त्यांत बोलणारी माणसे खरे बोलत असूनही स्वमग्न व्यक्ती पाहणाऱ्यांना अधिक खोटारड्या व कमी विश्वासार्ह वाटल्या. नजर चुकवणारा मनुष्य खोटे बोलतो, चुळबुळ करणारा काही दडवतो, हे ठोकताळे आपल्याकडेही सर्रास वापरले जातात. चोरीच्या आळात सापडलेला शाळकरी मुलगा किंवा जबाब देण्यास आलेली तरुणी स्वमग्न असेल, तर या ठोकताळ्यांमुळे निरपराध व्यक्तीवर बालंट येऊ शकते. नजर हा पुरावा नव्हे, एवढे एक सूत्र पाळले तरी मोठा अन्याय टळेल.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून देशभर अंमलात आहे. १९९५ च्या अधिनियमात ७ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश होता. नव्या अधिनियमात तो २१ प्रकारांपर्यंत वाढविण्यात आला आणि त्यात स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शासकीय आस्थापनांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का हा स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुदिव्यांगत्व असलेल्या, लक्षणीय दिव्यांगत्वाच्या व्यक्तींसाठी आहे. त्याशिवाय गरजेनुसार वाजवी सोयी व फेरबदल करून देणे हेही या अधिनियमाचे एक मुख्य तत्त्व आहे. चढणीचा मार्ग किंवा रुंद दरवाजा या जशा सोयी आहेत, तशाच प्रश्न आधी लेखी देणे किंवा उत्तरासाठी अधिक वेळ देणे याही सोयीच होत.

केंद्र शासनाने गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. त्यामागील हेतू निराळा होता; तथापि ज्यांची योग्यता कागदावर दिसते व बोलण्याच्या ढबीत झाकली जाते, त्यांनाही त्याचा लाभ होऊ शकतो. मुलाखतीची खोली टळली तरी शाळा, कचेरी आणि ग्रामसभा उरतेच. तेथील पारख आपल्याच हाती असते.

आपण काय करू शकतो?

यासाठी मोठा निधी किंवा नवीन यंत्रणा लागत नाही. संशोधनाने दाखविलेला पहिला उपाय म्हणजे माहिती. २०१९ साली सॅसन व मॉरिसन यांनी दाखविले की, समोरची व्यक्ती स्वमग्न आहे हे कळल्यावर पाहणाऱ्यांचे मत अधिक अनुकूल झाले. ज्यांना स्वमग्नतेचे ज्ञान अधिक होते त्यांचे मत तर आणखीच अनुकूल होते. मात्र आपली अवस्था जाहीर करावी की नाही हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. ती सांगण्याची सक्ती कोणी करू नये. शिवाय केवळ प्रशिक्षणावरही विसंबता येत नाही. प्रशिक्षणाने उघड मते सुधारतात, पण मनाच्या तळाशी असलेले पूर्वग्रह सहजासहजी हलत नाहीत, असे २०२१ सालच्या अभ्यासात दिसून आले. म्हणून सदिच्छेला कार्यपद्धतीची जोड द्यावी लागते.

शिक्षकांनी वर्गातील उत्तर तपासताना ते कसे दिले यापेक्षा काय दिले, याची नोंद करावी. "माझ्याकडे बघून बोल" हा आग्रह सोडावा; कित्येक मुले दुसरीकडे पाहत असतानाच अधिक लक्षपूर्वक ऐकतात. सूचना थोडक्यात, थेट शब्दांत व शक्यतो फळ्यावर लिहून द्याव्यात.

निवड समितीने प्रत्येक उमेदवारास तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत, प्रत्येक उत्तराचे गुण उत्तर ऐकताच लिहावेत आणि उमेदवाराच्या व्यक्तिमत्त्वाविषयी चर्चा करण्यापूर्वी ते गुण एकत्र करावेत. कामाचा नमुना करून दाखवावयास सांगणे हे तासभराच्या गप्पांपेक्षा अधिक विश्वसनीय असते.

पंचायतीच्या सदस्यांनी व तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांनी तोंडी म्हणण्याबरोबर लेखी म्हणणेही स्वीकारावे, सोबत विश्वासाची व्यक्ती आणण्यास अनुमती द्यावी आणि गर्दी-गोंगाटापासून दूर शांत जागा द्यावी. एखाद्याने उत्तर देण्यास वेळ घेतला तर थांबावे. अशा वेळी दोन मिनिटे थांबणे हा न्यायाचाच भाग असतो.

लेखाच्या आरंभी मुलाखतीच्या खोलीत जो तरुण आपण पाहिला, त्याची उत्तरे समितीसमोरच्या कागदावर उतरविलेली असती, तर सदस्यांचे मत कदाचित वेगळे झाले असते. मनात उठणारे पहिले मत कोणालाच टाळता येत नाही; ते स्वमग्न व्यक्तीच्या मनातही उठते आणि आपल्याही. मात्र ते मत शेऱ्याच्या रकान्यात लिहावयाचे की त्याआधी त्या माणसाचे म्हणणे एकदा पुन्हा वाचावयाचे, हे आपल्या हाती आहे. ज्याच्या हाती लेखणी आहे, त्याने एवढे थांबावे, अशी अपेक्षा अनाठायी नाही.